ड्रोन उडवण्याआधी: सोलापुरात झोन, बंदी आदेश आणि परवानगी कोणत्या क्रमाने बघायची

फोन साधारण असा येतो. "दादा, अक्षता १२:३५ ला आहेत, कार्यालय होटगी रोडला. ड्रोन पाहिजेच हं." आपण हो म्हणतो, बयाणा घेतो, तारीख वहीत लिहितो. मग लग्नाला तीन दिवस उरले की ड्रोनसाठीचा सरकारी हवाई नकाशा उघडतो आणि कार्यालय लाल, म्हणजे बंदीच्या रंगात दिसतं. मग सुरू होते फोनाफोनी.

यातली प्रत्येक पायरी योग्य आहे, फक्त क्रम उलटा आहे. आधी जागा, मग नकाशा, मग पोलिसांचे आदेश, मग अर्ज आणि सगळ्यात शेवटी पैसे, असा क्रम हवा. शूटिंग करणारे, मोजणी करणारे, द्राक्ष-डाळिंबावर फवारणी करणारे आणि हौसेने उडवणारे अशा सगळ्यांसाठी हे टप्पे सारखेच आहेत.

## टप्पा १: ऑर्डर घेण्याआधी तीन गोष्टी लिहून घ्या

जागा, वेळ आणि उंची. "होटगी रोडला कुठेतरी" याला जागा म्हणत नाहीत. गिऱ्हाईकाकडून व्हॉट्सअ‍ॅपवर लोकेशन मागवा आणि त्यातले अक्षांश-रेखांश वहीत उतरवा. वरात निघणार असेल तर कुठून कुठे, हेही विचारा. कार्यालय नकाशावरच्या पिवळ्या, म्हणजे परवानगी लागणाऱ्या पट्ट्यात आणि वरातीचा शेवट लाल पट्ट्यात, असं सोलापुरात सहज होऊ शकतं.

वेळ विचारताना फक्त तारीख घेऊ नका, किती ते किती तेही घ्या. उंचीचं गिऱ्हाईकाला कळत नाही, ती तुम्ही ठरवायची. लग्नाच्या शॉटला तीस-चाळीस मीटर पुष्कळ होतात. मोजणीला जास्त लागते. अर्जात मात्र जी उंची लिहिली, तीच तुमची मर्यादा असते.

याच वेळी कोटेशनवर एक ओळ टाका: "शासकीय निर्बंधामुळे ड्रोन उडवता न आल्यास ड्रोनची रक्कम परत, बाकी शूटिंग ठरल्याप्रमाणे." ही ओळ नसल्याने मी एकदा भर मांडवात वधूच्या मामांची बोलणी खाल्ली आहेत. परवानगी हातात होती, पण आदल्या रात्री आदेश निघाला होता. मामांना ते कसं पटावं? त्यांच्या लेखी ड्रोन बॅगेत होता, बॅटरी भरलेली होती आणि मी मुद्दाम टाळाटाळ करत होतो.

## टप्पा २: ड्रोनचे आणि स्वतःचे कागद

हे एकदाच करायचं असतं, म्हणूनच ते राहून जातं.

ड्रोन नियम २०२१ नुसार वजनावरून वर्ग पडतात. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो, २५ किलोपर्यंत स्मॉल, १५० किलोपर्यंत मीडियम आणि त्यावर लार्ज. लग्नाचे बहुतेक ड्रोन नॅनो किंवा मायक्रो असतात, फवारणीचे स्मॉल.

प्रत्येक ड्रोनला डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या पोर्टलवर नोंदणी करून युनिक ओळख क्रमांक, म्हणजे यूआयएन, घ्यावा लागतो. नॅनोलाही. रिमोट पायलट सर्टिफिकेटची सूट मात्र नॅनोला आहे, आणि मायक्रोला फक्त बिगरव्यावसायिक वापरासाठी. लग्नाचे पैसे घेता म्हणजे वापर व्यावसायिक झाला. तिथे मायक्रो उडवायला सर्टिफिकेट हवंच. त्यासाठी वय १८ ते ६५, दहावी पास आणि मान्यताप्राप्त संस्थेतलं प्रशिक्षण लागतं. एकदा मिळालं की ते १० वर्षं चालतं.

तृतीय पक्ष विमा नॅनो सोडून सगळ्यांना सक्तीचा आहे. त्याची मुदत कधी संपते ते मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा. हा कागद आपण कपाटात ठेवतो आणि विसरतो.

सावधान: "दुबईहून येताना भावाने आणला" असा ड्रोन विकत घेऊ नका. ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. संरक्षण, सुरक्षा आणि संशोधन असे मोजकेच अपवाद. अशा ड्रोनची नोंदणी अडते आणि नोंदणी नसेल तर पुढच्या सगळ्या टप्प्यांना अर्थ उरत नाही.

## टप्पा ३: नकाशा नीट वाचा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा सावकाश.

डिजिटल स्काय प्लॅटफॉर्मवर देशाचा हवाई नकाशा आहे, लाल, पिवळा आणि हिरवा अशा रंगांचा. विमानतळाभोवतीचं गणित ढोबळमानाने असं:

- हद्दीपासून ५ किलोमीटरच्या आत साधारणपणे लाल. तिथे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही.
- ५ ते ८ किलोमीटर: जमिनीपासूनच पिवळा. हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते.
- ८ ते १२ किलोमीटर: ६० मीटरपर्यंत हिरवा, त्यावर पिवळा.
- त्यापलीकडे, दुसरं काही नसेल तर, १२० मीटरपर्यंत हिरवा आणि त्यावर पिवळा.

यात "हद्दीपासून" हा शब्द कळीचा आहे. लोक गूगल मॅपवर टर्मिनलवर बोट ठेवून अंतर मोजतात. विमानतळाची भिंत टर्मिनलपेक्षा तुमच्या बाजूला पुढे आलेली असू शकते, आणि तेवढ्याने ५.४ चे ४.६ किलोमीटर होतात. दुसरी चूक म्हणजे रस्त्याचं अंतर धरणं. गाडीला आठ किलोमीटर लागले तरी पक्ष्याच्या वाटेने ते पाचच भरतील. शहराचा मोठा भाग विमानतळाच्या आठ किलोमीटरच्या आत येतो. त्यामुळे "आमचं गावात आहे, विमानतळ तिकडे लांब" हे वाक्य सोलापुरात चालत नाही. अंदाज नको, अक्षांश-रेखांश टाकून बघा.

जुनी सवयही आड येते. होटगी रोडचा विमानतळ वर्षानुवर्षं जवळपास झोपलेला होता. त्या काळात ज्यांनी धावपट्टीच्या अंगणात पतंगासारखे ड्रोन उडवले, ते आजही म्हणतात, "काही होत नाही बे, तिथं विमान येतंय कुठं?" येतं. ९ जून २०२५ पासून गोव्याची सेवा सुरू झाली. सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी आठवत असेल, जून २०२३ मध्ये पाडलेली. ती साधारण ९० मीटरची होती आणि विमानांना अडसर ठरली. तुमचा ड्रोन १२० मीटरवर जातो. शिवाय चिमणी निदान एका जागी उभी होती.

विमानतळ हा एकच मुद्दा नाही. फताटेवाडीचा एनटीपीसीचा वीज प्रकल्प, उजनी धरण, रेल्वेच्या जागा, नान्नजचं माळढोक अभयारण्य, अशा ठिकाणी रंग काहीही दिसो, त्या त्या व्यवस्थापनाला किंवा वन विभागाला विचारल्याशिवाय पेटी उघडू नका. माळढोकाच्या माळरानावर घरघरता ड्रोन हा झोनचा नाही, वन्यजीवांचा प्रश्न आहे आणि त्याचा कायदा वेगळा आहे.

तपासा: ड्रोनच्या अ‍ॅपमधला नकाशा आणि सरकारी नकाशा एकच नव्हेत. कंपनीचं अ‍ॅप "उड" म्हणालं म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही. उलटही होतं: सरकारी नकाशा हिरवा असतो आणि अ‍ॅप मोटरच चालू करू देत नाही. दोन्ही घरीच बघून निघा.

तपासा: रंग बदलतात. महिन्यापूर्वी काढलेला स्क्रीनशॉट हा पुरावा नाही. उड्डाणापूर्वी प्लॅटफॉर्मवर निर्बंध तपासणं नियमानेच बंधनकारक आहे.

## टप्पा ४: हद्द कुणाची, आदेश कुणाचा

राष्ट्रीय सुरक्षा, मोठे दौरे, यात्रा किंवा सीमेवरचा तणाव असला की नेहमीच्या झोनच्या वर आणखी एक थर चढतो. तो दोन प्रकारे येतो आणि लोक दोन्हींची गल्लत करतात.

पहिला प्रकार तात्पुरत्या लाल झोनचा. राज्य सरकार किंवा पोलीस यंत्रणा, म्हणजे पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारी, एका वेळी जास्तीत जास्त ९६ तासांसाठी तो जाहीर करू शकते. हा नकाशावर दाखवला जातो.

दुसरा प्रकार मनाई आदेशाचा, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली. पूर्वी आपण ज्याला १४४ म्हणायचो, तेच. हा कागदावर निघतो, नकाशावर दिसेलच असं नाही, आणि एका आदेशाची मुदत दोन महिन्यांपर्यंत असू शकते. आदेश मोडला तर भारतीय न्याय संहितेचं कलम २२३ लागतं. ड्रोन नियमांखालचा एक लाख रुपयांपर्यंतचा दंड वेगळाच.

थोडक्यात, नकाशा हिरवा आणि आदेश बंदीचा असेल तर बंदीच धरायची.

आता सोलापूरची अडचण. इथे दोन यंत्रणा आहेत. शहरात पोलीस आयुक्तालय, आणि शहराबाहेर सोलापूर ग्रामीण, म्हणजे पोलीस अधीक्षक. शहरातला मनाई आदेश आयुक्तालयातून निघतो, ग्रामीण भागातला जिल्हाधिकाऱ्यांकडून. पंढरपूर, अक्कलकोट, बार्शी ही सगळी ग्रामीणमध्ये. आयुक्तालयाची पोच घेऊन अक्कलकोटला गेलेला माणूस मी पाहिला आहे. साहेबांनी कागद वाचला, परत दिला आणि म्हणाले, "हा तिकडचा." एवढंच. दिवस वाया.

आदेश शोधायचे कुठे? पोलिसांचं अधिकृत समाजमाध्यम खातं, स्थानिक वर्तमानपत्रातलं आतलं पान, आणि सगळ्यात खात्रीचं म्हणजे ज्या ठाण्याच्या हद्दीत उडवणार तिथे प्रत्यक्ष जाऊन विचारणं. फोनवर "चालतंय की" म्हणणारा आवाज नंतर कुणाचा होता ते कळत नाही.

काही दिवस तर आधीपासूनच लाल शाईने खूण करून ठेवण्यासारखे: जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेचे दिवस, विशेषतः नंदीध्वज मिरवणूक आणि अक्षता सोहळा, पंढरपूरच्या आषाढी-कार्तिकी वाऱ्या, निवडणुकीचा प्रचार, मंत्र्यांचे दौरे. प्रचारात नेत्याचं हेलिकॉप्टर कुठल्याही शाळेच्या मैदानावर उतरू शकतं, आणि त्याची बातमी तुम्हाला आदल्या संध्याकाळी लागते. सीमेवरच्या तणावाचं तर काहीच सांगता येत नाही. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत उत्तर आणि पश्चिम भारतातले ३२ विमानतळ नागरी उड्डाणांसाठी बंद केले होते. अशा काळात ड्रोनची ऑर्डर पुढे ढकला आणि गिऱ्हाईकाला तसं सरळ सांगा. आदेश निघालाय की नाही, याची वाट बघत बसू नका.

## टप्पा ५: अर्ज

हिरव्या झोनमध्ये नियमानुसार पूर्वपरवानगी लागत नाही. पिवळ्याला आणि लालला लागते आणि ती ऑनलाइनच मागायची. अर्जात टप्पा १ मधले अक्षांश-रेखांश, वेळ, उंची, ड्रोनचा यूआयएन आणि पायलटचा सर्टिफिकेट क्रमांक तंतोतंत जुळले पाहिजेत. सर्टिफिकेट पुतण्याचं आणि रिमोट काकांच्या हातात, हा आपल्याकडचा आवडता प्रकार आहे. तो करू नका.

मी स्वतः पिवळ्या झोनसाठी निदान पंधरा दिवस हातात ठेवतो. लाल झोनमधलं लग्न मी घेतच नाही. केंद्राची परवानगी हा लग्नाच्या वेळापत्रकात बसणारा विषय नाही. त्याऐवजी जवळच्या चौथ्या मजल्याच्या गच्चीवरून किंवा क्रेनवरून शॉट देतो. खोटं कशाला बोला, अर्ध्या लोकांना एडिट झाल्यावर फरकही कळत नाही.

हिरव्या झोनमध्येही ठाण्याला एक साधं माहितीपत्र द्या. कायदा ते मागत नाही, पण त्याने अर्धी कटकट टळते. पत्रात तारीख, वेळ, जागा, ड्रोनचा प्रकार, यूआयएन, पायलटचं नाव, मोबाइल आणि सोबत प्रमाणपत्र व विम्याची झेरॉक्स. दोन प्रती न्या. एकीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घेऊनच बाहेर पडा. शिक्का नसलेलं पत्र म्हणजे तुमच्याच घरातला कागद.

खेड्यात आणखी एक काम असतं. रात्री ड्रोन फिरतात, चोर टेहळणी करतात, या चर्चेने गेल्या काही वर्षांत गावोगावी लोक काठ्या घेऊन जागले आहेत. तेव्हा सरपंच आणि पोलीस पाटील यांना आदल्या दिवशी सांगा आणि गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायला लावा. फवारणीवाल्यांनी तर हे कधीच चुकवू नये. आणि हो, "मी तर पिकावर तीनच मीटर उंच उडवतो" म्हणून विमानतळाजवळच्या शेताला सूट मिळत नाही. लाल पट्टा जमिनीपासून सुरू होतो.

## टप्पा ६: आदली रात्र आणि त्या दिवसाची सकाळ

इथे घाई केली की आधीची सगळी मेहनत पाण्यात जाते.

1. आदल्या रात्री नऊनंतर नकाशा पुन्हा बघा. त्याच अक्षांश-रेखांशाने.
2. पोलिसांच्या खात्यावरच्या त्या दिवसाच्या पोस्ट वाचा.
3. सकाळी निघताना नकाशा तिसऱ्यांदा. वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट ठेवा.
4. ठाण्यात फोन करून एकच प्रश्न विचारा: "आज हद्दीत व्हीआयपी बंदोबस्त आहे का?" हो म्हणाले तर पुढचं सगळं परत तपासा.
5. कागदांची फाइल ड्रोनच्या पेटीतच ठेवा. मोबाइलमधली पीडीएफ असू दे, पण छापील प्रत हातात दिली की बोलणं लवकर संपतं.

मामांचा जो प्रसंग वर सांगितला, त्यात मी पहिलीच पायरी गाळली होती. परवानगी आठवड्यापूर्वीची होती आणि मी निर्धास्त होतो. सकाळी साडेअकराला गच्चीवर पंखे उघडले, जीपीएसचे उपग्रह मोजत होतो, तेवढ्यात जिन्यावरून एक हवालदार धापा टाकत वर आले. "ठेवा आत. रात्रीच ऑर्डर निघालीय." त्यांनी मोबाइलवर आदेश दाखवला. मध्यरात्रीपासून लागू होता. खाली बँड सुरू झाला होता.

## टप्पा ७: जागेवर

उंचीचा आकडा अ‍ॅपमध्ये टेक-ऑफच्या जागेपासून दिसतो, जमिनीपासून नाही. १५ मीटर उंच गच्चीवरून उडवलात आणि स्क्रीनवर १२० दिसले तर तुम्ही जमिनीपासून १३५ वर आहात, म्हणजे हिरव्याच्या बाहेर. कमाल उंची अ‍ॅपमध्येच कमी करून कुलूप लावा. ६० ची मर्यादा असेल तर मी ५० लावतो.

रिटर्न टू होमची उंचीही बघा. सिग्नल तुटला की ड्रोन आपणहून त्या उंचीवर चढतो. ती १०० वर ठेवलेली आणि तुमची मर्यादा ६० ची, तर नियम ड्रोनने मोडला तरी गुन्हा तुमच्याच नावावर.

ड्रोन नजरेआड जाऊ देऊ नका. सोबत एक माणूस फक्त आकाशाकडे बघायला ठेवा, त्याच्याकडे दुसरा कॅमेरा देऊ नका. हेलिकॉप्टरचा किंवा विमानाचा आवाज आला की शॉट अर्धा असला तरी लगेच ड्रोन खाली. वाट नेहमी माणूस असलेल्या विमानाला द्यायची.

सावधान: "बे, आता कोण बघतंय, नवरदेव घोड्यावर बसलाय, दोन मिनिटं उडवून घे की." हे वाक्य प्रत्येक लग्नात एकदा तरी येतंच. त्या वेळी रिमोट बॅगेत असावा.

## टप्पा ८: मध्येच अडवलं तर

आधी ड्रोन उतरवा. वाद घालत हवेत ठेवू नका. उतरल्यावर बॅटरी काढा, म्हणजे समोरच्याला दिसतं की आता तो उडणार नाही. मग फाइल पुढे करा आणि पोच, यूआयएन, सर्टिफिकेट, विमा या क्रमाने दाखवा. आदेश कोणत्या तारखेचा, कोणत्या हद्दीचा, हे नम्रपणे विचारा. बऱ्याचदा गैरसमज असतो आणि मिटतो. खरंच आदेश असेल तर पेटी बंद करा.

मेमरी कार्डमधलं काहीही पुसू नका. घाबरून फुटेज उडवणारे खूप आहेत आणि त्यानेच संशय वाढतो. ड्रोन ताब्यात घेतला तर पंचनाम्याची प्रत मागा. त्यात अनुक्रमांक, बॅटऱ्यांची संख्या आणि कार्ड लिहिलंय का ते वाचूनच सही करा.

अपघात झाला, कुणाला लागलं किंवा कुणाचं नुकसान झालं, तर ४८ तासांच्या आत डिजिटल स्कायवर कळवावं लागतं. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा.

## टप्पा ९: घरी आल्यावर वहीत पाच ओळी

तारीख आणि वेळ, जागेचे अक्षांश-रेखांश, झोनचा रंग आणि तो किती वाजता पाहिला, कमाल उंची, पोच क्रमांक. बस. माझ्या वहीत एक पान असंही आहे: "रंग पिवळा, परवानगी होती, आदेश आदल्या रात्रीचा. उड्डाण नाही. ड्रोनचे पैसे परत." त्याखाली मामांची सही आहे. जेवणाची पंगत उठल्यावर त्यांनी स्वतःच पेन मागितलं होतं.